मॉरिशसला गेलेला आपला माणूस कसा शोधायचा: बोटीच्या नोंदी, लग्नाचे दाखले आणि गावचं दप्तर

कोकणात आणि साताऱ्याकडे अशी घरं आहेत जिथं अजून कोणीतरी म्हातारं माणूस सांगतं, की आमच्या पणजोबाचा भाऊ "मोरसला गेला तो आलाच नाही". आणि तिकडे मॉरिशसमध्ये अशी मराठी घरं आहेत ज्यांना मूळ गाव रत्नागिरीकडचं एवढंच माहीत आहे, त्यापुढे काही नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांना शोधतायत पण अर्धवट माहितीवर, आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: आडनाव टाकून सर्च करतात, काही मिळत नाही, आणि सोडून देतात. खरं तर नोंदी आहेत, आणि बऱ्यापैकी चांगल्या आहेत. फक्त त्या आडनावावर चालत नाहीत, त्या नंबरावर चालतात. म्हणून हा लेख, दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी.

आधी थोडा इतिहास, कारण सालं माहीत नसली तर चुकीच्या ठिकाणी शोधत बसाल. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये कायद्यानं बंद झाली, त्याच्या आधीच १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली होती, आणि पुढच्या काळात साडेचार लाखांवर लोक तिथं उतरले. मध्ये हाल-अपेष्टांचा बोभाटा झाल्यावर सरकारनं काही वर्षं हे बंद ठेवलं आणि १८४२ च्या कायद्यानं कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांतून परत चालू केलं. मुंबईचा वाटा या तिघांत सगळ्यात छोटा, आणि मुंबईहून जाणारे मुख्यतः १८६०-७० पर्यंतचेच. म्हणजे तुमच्या घरातली गोष्ट "आजोबांचा भाऊ १९२५ ला गेला" अशी असेल तर तो बहुधा करारावर मॉरिशसला गेलेला नाही, तो बोटीवर खलाशी असेल, आफ्रिकेला किंवा रंगूनला गेला असेल, किंवा मुंबईतच गिरणीत राहिला असेल. तसंच नाताळ (दक्षिण आफ्रिकेतला प्रांत), फिजी, त्रिनिदाद, गयाना इकडच्या बोटी जवळपास सगळ्या कलकत्ता-मद्रासच्या, त्यामुळे कोकणातला माणूस तिकडे शोधण्यात वेळ घालवण्याआधी मॉरिशस नीट तपासा.

आधी घरातलं गोळा करा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण पुढे सगळं यावरच उभं राहतं. गावाकडच्यांनी लिहून काढायचं: गेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव (हे सगळ्यात महत्त्वाचं, आडनावापेक्षाही), भावंडांची नावं, अंदाजे साल, एकटा गेला का गावातल्या आणखी कोणाबरोबर, आणि बायको इथं राहिली का. साल कोणाला सांगता येत नाही, पण "मोठ्या दुष्काळाच्या आधी", "अमक्याच्या जन्मानंतर", "बंडाच्या वेळी" असं सांगतात, ते तसंच्या तसं लिहून ठेवा, नंतर जुळवता येतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुष वंशावळ सांगतात, बायका कोण कुठे दिलेली, कोणाची सोयरीक कुठल्या गावची हे सांगतात, आणि हरवलेला माणूस शोधताना दुसरी माहिती जास्त कामाला येते.

मॉरिशसच्या बाजूनं शोधणाऱ्यांनी कुलदैवत, देवक, घरातली गाणी, सणाच्या पद्धती हे सगळं टिपून घ्यावं. तिथल्या मराठी लोकांनी झाकरी म्हणून जो नाच जपलाय तो आपल्याकडच्या जाखडीचाच, आणि जाखडी म्हटली की रत्नागिरी-चिपळूण पट्टा डोळ्यासमोर येतो. यावरून गाव नाही कळत, पण कुठला टापू आधी बघायचा ते कळतं. देवक आणि कुलदैवत तर त्याहून जास्त सांगतात, कारण गावात पोचल्यावर "आमचं देवक अमुक" म्हटलं की गुरव आणि मानकरी लगेच कुठल्या वाडीत जायचं ते सांगतात.

नंबर शोधा, नाव नंतर

मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक इमिग्रेशन नंबर मिळायचा आणि तो आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटलेला राहायचा. मळ्यावरच्या करारात तो, तिकिटावर तो, लग्नाच्या नोंदीत तो, मुलांच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावापुढे तो, मेल्यावर मृत्यूच्या नोंदीतही बऱ्याचदा तोच. नाव दहा प्रकारे लिहिलं जाईल पण नंबर तोच राहतो. म्हणून पहिलं उद्दिष्ट एकच ठेवा, नंबर मिळवणं.

हे नंबर ज्यात नोंदले ती रजिस्टरं आज मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या भारतीय स्थलांतर अभिलेखागारात आहेत. त्यात साधारण नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव, बोटीचं नाव, उतरल्याची तारीख आणि कुठल्या मळ्यावर दिला ते असतं. सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी त्रोटक असतात, नंतरच्या भरगच्च. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले, आणि १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या जुन्या मजुराला फोटो असलेलं तिकीट जवळ बाळगावंच लागायचं, नसलं की पोलीस उचलायचे. तो जाच किती होता हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याच जाचामुळे आज आपल्याला पणजोबाच्या वडिलांचा चेहरा बघायला मिळू शकतो हेही खरं.

तिथं जाताना (किंवा मेल करताना) "आमचा पूर्वज विठू" एवढ्यावर जाऊ नका, विठू शेकड्यांनी आहेत. स्वतःपासून मागे जाणारी दाखल्यांची साखळी न्या: तुमचा जन्मदाखला, आईवडिलांचा लग्नाचा दाखला, आजोबांचा जन्म, त्यांच्या आईवडिलांचं लग्न, असं करत जिथं पहिल्यांदा कोणाच्या नावापुढे नंबर दिसतो तिथपर्यंत. हे दाखले मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस ऑफिसातून मिळतात. तो नंबर हातात आला की रजिस्टर उघडणं हे पाच मिनिटांचं काम.

गावाकडच्यांचं अवघड आहे कारण त्यांच्याकडे साखळीचं दुसरं टोक असतं. त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे जिल्हा, गाव, बापाचं नाव आणि सालाचा अंदाज देऊन शोध घ्यायला सांगणं, आणि दुसरा म्हणजे तिथल्या मराठी संघटनांमधून त्याच टापूतली मूळ असलेली घरं शोधणं. तिथं व्हाकोआ, कास्कावेल अशा ठिकाणी मराठी वस्ती जुनी आहे, मुळाची ओढ असणारी माणसंही पुष्कळ आहेत. आणि आता तर कारणही आहे: मार्च २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय मूळ असलेल्या मॉरिशियन लोकांना ओसीआय कार्ड (भारताचं परदेशस्थ नागरिक म्हणून मिळणारं ओळखपत्र) देण्याची घोषणा झाली, त्यासाठी लोक जुने कागद काढून बसलेत, म्हणजे तुमच्या शोधातली दुसरी बाजू कदाचित याच क्षणी फाइल उघडून बसली असेल.

नावं आणि गावं कशी वाचायची

इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून थोडं थांबून.

त्या काळी गावातल्या साध्या माणसाला सरकारदरबारी आडनाव सांगायची वेळच यायची नाही. बंदरावर विचारलं नाव काय, तर सखाराम, बाप कोण, तर रामजी. तेवढंच लिहिलं. पुढे मॉरिशसमध्ये त्याच्या मुलाला आडनाव लागलं ते सखाराम, किंवा रामजी, आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. म्हणून तिथलं आडनाव म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या उतरलेल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नाव आहे. तुम्ही "कदम" शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही, आणि मॉरिशसचा माणूस गावात येऊन "रामजी आडनावाचे लोक कुठे राहतात" विचारत बसला तर त्यालाही कोणी सापडणार नाही.

त्यात लिहिणारा कारकून कधी इंग्रज, कधी फ्रेंच वळणाचा, कधी बंगाली. ण, ळ हे त्यांच्या कानाला वेगळे लागत नसत, व कधी व्ही ने, कधी डब्ल्यू ने, कधी ब होऊन जायचा. लक्ष्मणचं लुक्सिमोन झालेलं तर तिथं सर्रास दिसतं. त्यामुळे नाव शोधताना आधी मोठ्यानं म्हणून बघा, मग कानाला जे लागेल ते चार-पाच प्रकारे लिहून प्रत्येक प्रकार तपासा.

गावांचं तसंच, शिवाय जिल्हे बदललेत. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी मालवण, देवगड सगळं रत्नागिरीत, आणि सावंतवाडी वेगळं संस्थान. रायगडला कुलाबा म्हणायचे. साताऱ्याचं राज्य १८४८ ला इंग्रजांनी खालसा केलं, त्याआधी गेलेल्याची नोंद वेगळ्या पद्धतीनं असू शकते. तालुकेही वेगळे होते, जुन्या रत्नागिरीत सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी तालुक्यांची नावं होती. म्हणजे नोंदीत परगण्याच्या रकान्यात इंग्रजीत "सेव्हर्नड्रूग" सारखं काही विचित्र दिसलं तर तो सुवर्णदुर्ग, म्हणजे हर्णै-दापोलीकडचा भाग, असं समजून त्या भागातल्या गावांची यादी समोर ठेवून जुळवा.

जातीच्या रकान्यावर फार विसंबू नका. कधी नुसतं "मराठा" लिहून मोकळे झालेत, कधी माणसानंच वेगळी सांगितली. गाव आणि बापाचं नाव जुळत असेल आणि जात जुळत नसेल तर नोंद बाजूला टाकू नका.

लग्नाची नोंद: खरा खजिना

आता मुद्द्यावर. बोटीची नोंद सांगते माणूस कुठून आला, पण तो पुढे कोणाचा झाला हे लग्नाची नोंद सांगते. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणाचा नागरी कायदा, त्यामुळे लग्नाच्या नोंदीत दोघांची नावं, वयं, धंदा, राहायचं ठिकाण, आईबापांची नावं, साक्षीदार आणि सही किंवा अंगठा एवढं सगळं असतं, आणि दोघं बाहेरून आलेले असतील तर दोघांचे नंबर.

एक नमुना घेऊ, हा मी समजावण्यासाठी बनवलेला आहे. समजा १८६३ ची नोंद आहे: नवरा सखाराम, वय ३२, मजूर, रामजीचा मुलगा, अमुक नंबर, बायको गंगा, वय २६, तमुक नंबर, दोघं एकाच मळ्यावर राहणारे, साक्षीदार चार, त्यातले दोन बाबाजी आणि गोपाळ, दोघांचे नंबर दिलेले, आणि शेवटी लिहिलंय की ही दोघं आपली तीन मुलं कायदेशीर म्हणून मान्य करतात, मुलांची नावं खाली. बघा यात किती आहे. पहिलं म्हणजे लग्न १८६३ ला नोंदवलंय पण मुलं आधीच तीन आहेत, म्हणजे खरं लग्न देवाधर्मानं आधीच झालेलं. तेव्हा "लग्नाच्या आधी जन्मलेली मुलं वेगळ्या बाईची" असा निष्कर्ष काढायचा नाही. बरेच जोडपे सिव्हिल लग्न करतच नसत आणि मग मुलांच्या जन्माच्या नोंदीत मूल आईच्याच नावावर दिसतं, बापाचा पत्ता नाही. अशा ठिकाणी बाप गायब नाही, फक्त कागदावर नाही. मग आईचा नंबर धरून पुढे जायचं.

दुसरं, गंगाचा नंबर. तो घेऊन रजिस्टर उघडा. तिची बोट कोणती, ती बापाबरोबर आली, पहिल्या नवऱ्याबरोबर आली की एकटी? आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळे माहेरच्या लोकांना ती ज्या नावानं आठवते ते नाव नोंदीत नसणारच. तिला नावावरून नाही, गाव आणि बापाच्या नावावरून ओळखायचं. हरवलेल्या बायकांचा शोध लोक घेतच नाहीत, वंशावळीत त्यांना जागाच नसते, आणि मला हे फार खुपतं, कारण मजुरांच्या पहिल्या पिढीत बायका इतक्या कमी होत्या की तिथलं जवळपास प्रत्येक कुटुंब अशा एखाद्या गंगेवर उभं आहे.

तिसरं, साक्षीदार. बाबाजी आणि गोपाळ यांचे नंबर काढून बघा. एका गावची, एका वाडीची माणसं टोळीनं जायची, बऱ्याचदा आधी जाऊन आलेला कोणी सरदार (म्हणजे मजुरांचा मुकादम) म्हणून त्यांना घेऊन जायचा, आणि उतरल्यावर नंबर लागोपाठ पडायचे. म्हणून तुमच्या माणसाच्या नंबराच्या मागचे-पुढचे वीसेक नंबर नेहमी वाचा. त्याच्या स्वतःच्या नोंदीत गावाचं नाव पुसट असेल, किंवा वाचता येत नसेल, पण शेजारच्या नंबराच्या नोंदीत तेच गाव स्वच्छ लिहिलेलं सापडतं. अडकलेल्या शोधांवर इतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

नोंदी अचानक थांबल्या तर दोन गोष्टी तपासा. एक, मृत्यू. १८५४ ला कॉलरा आणि १८६६ ते १८६८ मध्ये मलेरियाची भयंकर साथ, हजारो माणसं गेली. दुसरी, परतीची बोट. करार संपल्यावर बरेच जण हिंदुस्थानात परतले, त्यांच्या परत जाण्याच्या वेगळ्या नोंदी आहेत. परत येऊन माणूस गावी न जाता मुंबईत राहिला, असंही झालेलं असू शकतं, आणि मग घरच्यांच्या दृष्टीनं तो "आलाच नाही".

इकडचं दप्तर

आता गावाकडची बाजू. एक गोष्ट आधीच समजून घ्या, आपल्याकडे जुन्या हिंदू लग्नांची सरकारी नोंद जवळपास नसतेच. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा. त्यामुळे १८५० च्या लग्नाचा दाखला तहसीलमध्ये मागू नका, तिथल्या माणसाचाही वेळ जाईल. (ख्रिस्ती कुटुंबांचं वेगळं, चर्चची लग्नाची रजिस्टर खूप जुनी असतात, तिथं आधी चर्चमध्येच जायचं.)

मग काय आहे? तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जन्ममृत्यूचं. हक्कनोंदणी आणि फेरफार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे, १९०३ च्या कायद्यानंतरचे. शाळेचं जनरल रजिस्टर. कोकणात खोती गावांचं बोटखत, म्हणजे खोताच्या गावातल्या जमिनींचं जुनं रजिस्टर. यातल्या कशातही १८५० ला गेलेला माणूस स्वतः क्वचितच दिसेल, पण त्याचे मागे राहिलेले भाऊ-पुतणे दिसतील, आणि आपल्याला तेच हवंय: मॉरिशसच्या नोंदीतला "रामजी" आणि गावातल्या कागदातला रामजी एकच आहे का हे ठरवायला. वारसाच्या फेरफारात कधी कधी "परागंदा" असा शेरा एखाद्या नावापुढे असतो, तो दिसला तर ते पान दोनदा वाचा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन सरकारच्या आपले अभिलेख पोर्टलवर आहेत, आधी तिथं बघा मग तहसीलला चक्कर मारा.

जुने कागद मोडीत असतील. वाचता येत नाही म्हणून सोडू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, मुंबई, पुणे, कोल्हापूरला त्यांची अभिलेखागारं आहेत आणि मोडी वाचून देणारी माणसंही मिळतात. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, शके १७८० म्हणजे इसवी १८५८ च्या आसपास.

आणि आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित नोंद म्हणजे तीर्थोपाध्यांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार, जिथं तुमचं घराणं यात्रेला जायचं तिथल्या उपाध्यांकडे गावाप्रमाणे, घराण्याप्रमाणे नावं लिहिलेली असतात: कोण आला, बापाचं, आजाचं नाव, भाऊ किती, मुलं किती, बऱ्याचदा बायकांची नावंसुद्धा. १८६५ ला कोणी श्राद्ध करायला गेला असेल आणि त्यानं भावांची नावं सांगितली असतील तर गेलेल्या भावाचं नाव तिथं असण्याची शक्यता खरोखर आहे. हरिद्वारच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, पण बाकी ठिकाणी समक्ष जावं लागतं, आणि जाताना आडनाव, मूळ गाव, तालुका आणि जात सांगता आली पाहिजे, कारण कुठला उपाध्या तुमचा हे त्यावरच ठरतं.

जुळलं असं कधी म्हणायचं

नाव आणि जिल्हा जुळणं म्हणजे जुळणं नाही. निदान बापाचं नाव, गाव आणि काळ तिन्ही जुळले पाहिजेत, आणि वर एखादी स्वतंत्र गोष्ट: भावाचं नाव, देवक, बरोबर गेलेल्या शेजाऱ्याचं घर, असं काहीतरी. डीएनए टेस्ट करायची तर कागद हातात आल्यावर, पडताळणीसाठी करा. पाचव्या-सहाव्या पिढीच्या चुलत नात्यात सामायिक डीएनए दिसेलच असं नाही, बऱ्याचदा दिसत नाही, आणि एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झालेल्या असल्यानं लांबचं नातंही जवळचं भासतं. त्यामुळे नुसत्या डीएनएवर "हाच आमचा" असं ठरवू नका. सरळ पुरुष वंश तपासायचा असेल तर वाय-डीएनए, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची चाचणी, जास्त उपयोगी.

पहिला संपर्क

मॉरिशसहून अचानक कोणी गावात आलं की पहिली शंका जमिनीची येते, वाटा मागायला आला की काय. यात गावाचं चुकतं असं नाही, जमिनीवरून त्यांनी भावाभावांचे दावे बघितलेले असतात. म्हणून पहिल्याच फोनमध्ये किंवा पत्रात स्पष्ट सांगा की मालमत्तेत काही नको, फक्त घर आणि देव बघायचे आहेत. पत्र मराठीत, साध्या भाषेत, गेलेल्याचं नाव, बापाचं नाव, साल, फोटो असेल तर फोटो, आणि तुमच्या घरातल्या आजच्या माणसांचाही एक फोटो. सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या हातून पाठवलं तर बरं, आणि शिमगा किंवा गणपतीच्या आसपास पाठवा, तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावात असतात आणि घराण्यातली जुनी माहिती असलेली माणसं एका ठिकाणी भेटतात. गावाकडच्यांनी मॉरिशसला लिहिताना मात्र मराठीवर विसंबू नका, तिकडची नवी पिढी क्रिओल, फ्रेंच, इंग्रजीत वावरते, सोबत इंग्रजी मजकूर जोडा. आणि ज्या हयात माणसांची नावं, दाखले तुमच्या हातात आले ते त्यांना विचारल्याशिवाय फेसबुकवर टाकू नका, गेलेल्यांचे टाका, हयातांचे नाही.